ध्रुवीय समुद्र, बर्फ आणि हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ध्रुवांविषयीच्या बातम्यांत बर्फ नेहमी सोसणाऱ्याच्या भूमिकेत असतो: हवा तापली, बर्फ वितळला. गोष्ट इतकी एकमार्गी नाही. समुद्राची उष्णता हवेपर्यंत किती पोहोचेल, वाऱ्याचा जोर पाण्याला किती लागेल आणि खोल समुद्रात जड पाणी किती उतरेल, हे बरंचसं या बर्फावर ठरतं. पुढचे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. काहींची उत्तरं चार ओळींत संपतात, काहींची संपत नाहीत.

समुद्री बर्फ आणि हिमनग यांत फरक काय?

हिमनग जमिनीवरच्या हिमनदीतून तुटून समुद्रात आलेला असतो. तो पडलेल्या हिमापासून बनलेला, गोड्या पाण्याचा आणि शेकडो मीटर जाड असू शकतो. समुद्री बर्फ म्हणजे समुद्राचंच पाणी गोठून झालेला थर. त्याची जाडी काही सेंटिमीटरपासून फार तर काही मीटर. या पानावर सगळं बोलणं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

खारं पाणी गोठतं तरी कसं?

साधारण उणे १.८ अंश सेल्सिअसला. पण खरा फरक या आकड्यात नाही, गोठण्याआधी जे घडतं त्यात आहे.

गोडं पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. त्याखाली थंड झालेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं, म्हणून तळ्याचा पृष्ठभाग चटकन गोठतो. समुद्राच्या पाण्याला ही सवलत नाही. किलोमागे सुमारे २५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ असलं, की पाणी गोठणबिंदूपर्यंत जड होतच राहतं. वरचं पाणी थंड झालं की खाली जातं, खालचं वर येतं, तेही थंड होतं. वरचा अख्खा मिसळता थर गोठणबिंदूच्या जवळ आल्याशिवाय बर्फ धरत नाही. म्हणूनच हवा आठवडेच्या आठवडे शून्याखाली असूनही समुद्र उघडा दिसतो.

मग पाण्यात बारीक सुया आणि चकत्या तरंगू लागतात. समुद्र शांत असेल तर त्यांची तेलकट दिसणारी साय धरते आणि पुढे तिची काळपट, लवचीक पातळ पापुद्री होते. लाटेबरोबर ती वाकते, तुटत नाही. समुद्र खवळलेला असेल तर हेच स्फटिक गोळा होऊन गोल थाळ्या बनतात. एकमेकींवर आपटून आपटून त्यांच्या कडा वर उचललेल्या असतात. यालाच पॅनकेक बर्फ म्हणतात. अंटार्क्टिकाभोवती बर्फाची सुरुवात बहुतेक अशीच होते.

या साऱ्यात मीठ कुठे जातं? स्फटिकाच्या रचनेत मिठाला जागा नाही. ते तीव्र खाऱ्या द्रावाच्या रूपात बर्फातल्या बारीक कप्प्यांत अडकतं किंवा खाली समुद्रात निथळतं. एक-दोन उन्हाळे टिकलेला बर्फ इतका निथळून गेलेला असतो, की त्याचं पाणी पिता येतं. ध्रुवीय मोहिमांनी ते प्यायलंही आहे. खाली गेलेलं मीठ मात्र पुढे बराच मोठा खेळ करतं, त्याबद्दल पुढे पॉलिन्याच्या, म्हणजे बर्फातल्या उघड्या पाण्याच्या, प्रश्नात.

बर्फ एकदा धरला की हिवाळाभर वाढतच जातो का?

वाढतो, पण वेग घटत जातो. बर्फ वाढतो तो खालून. तळाशी पाणी गोठताना जी उष्णता सुटते ती बर्फातूनच वर हवेत जावी लागते, आणि बर्फ जितका जाड तितकी तिची वाट लांब. भौतिकशास्त्रज्ञ योझेफ स्टेफान यांनी १८९१ मध्ये हे गणित मांडलं: जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते.

उदाहरण करून बघू. १ मीटर जाड बर्फ आहे, वरचं टोक उणे २० अंश, तळ उणे १.८. बर्फाची उष्णतावाहकता मीटर-अंशामागे सुमारे २ वॅट धरली तर दर चौरस मीटरमधून साधारण ३६ वॅट वर जातात. एवढी उष्णता गेली की तळाशी दिवसाला जवळपास १ सेंटिमीटर बर्फ वाढतो. हाच बर्फ ३ मीटर जाड असता तर वाढ दिवसाला ३ मिलिमीटरच.

आता त्या १ मीटर बर्फावर ३० सेंटिमीटर भुसभुशीत हिम टाका आणि हिमाच्या पृष्ठभागाचं तापमान तेच उणे २० ठेवा. हिमाची वाहकता बर्फाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकीच असते. उष्णतेचा प्रवाह ३६ वरून १२ वॅटवर येतो आणि वाढ एक तृतीयांश होते. त्यामुळे हिवाळ्याच्या सुरुवातीला भरपूर हिम पडलं तर बर्फ उलट पातळ राहतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण याच हिमामुळे पुढे वसंतात ऊन परतवलं जातं आणि बर्फ वाचतो. एकच गोष्ट कोणत्या महिन्यात घडते यावर तिचा परिणाम ठरतो; ध्रुवीय हवामानात हे सारखं भेटतं.

बर्फाला चार भेगा पडल्या तर एवढं काय बिघडतं?

बर्फ समुद्रावरचं झाकण आहे असं धरलं, तर भेग म्हणजे ते झाकण थोडं सरकवणं. हिवाळ्यात हवा उणे ३० आणि पाणी उणे १.८, म्हणजे दोहोंत २८ अंशांचा फरक. जाड बर्फावर चौरस मीटरमागे काही दशक वॅट वर येत असतात, तर उघड्या भेगेतून काही शेकडा. मध्य आर्क्टिकमध्ये हिवाळी भेगांचं क्षेत्र जेमतेम एक-दोन टक्के असतं, पण समुद्राकडून हवेला मिळणाऱ्या उष्णतेत त्यांचा वाटा क्षेत्राच्या कितीतरी पट.

भेगेवर वाफ धुरासारखी उठते. ती लगेच गोठून बारीक स्फटिक होतात, कधी वाऱ्याच्या दिशेला ढगांची पट्टी धरते. भेग फार काळ उघडी राहत नाही. काही तासांत पापुद्रा येतो, दिवसाभरात सुमारे दहा सेंटिमीटर बर्फ होतो. पण बर्फ फाटण्याचं काम वारा सतत करत असतो, त्यामुळे एक भेग मिटते तेव्हा दुसरी उघडलेली असते. माझ्या मते ध्रुवीय हिवाळा समजून घ्यायचा तर सरासरी जाडीपेक्षा या भेगांकडे आधी बघावं.

पॉलिन्या म्हणजे काय? बर्फाच्या मधोमध उघडं पाणी कसं राहतं?

भर हिवाळ्यात, चहूकडे बर्फ असताना उघडं राहिलेलं विस्तीर्ण पाणी म्हणजे पॉलिन्या. ती दोन कारणांनी होते आणि दोन्ही कारणं परस्परविरुद्ध आहेत.

पहिल्या प्रकारात पाणी गोठणबिंदूलाच असतं, बर्फ सतत तयारही होत असतो, पण वारा त्याला थारा देत नाही. अंटार्क्टिकाच्या पठारावरची अतिथंड, जड हवा उतारावरून किनाऱ्याकडे कोसळते. रॉस समुद्रातल्या टेरा नोव्हा उपसागरात हे ठळक दिसतं: नवा बर्फ धरतो, वारा तो लांबट पट्ट्यांमध्ये समुद्राकडे लोटतो, मागे पुन्हा उघडं पाणी, पुन्हा नवा बर्फ. जाडीचा अडसर कधी तयारच होत नाही, म्हणून बर्फनिर्मितीचा वेगही मंदावत नाही. अशा थोड्याशा जागेत हिवाळाभरात कित्येक मीटर जाडीइतका बर्फ तयार होऊन बाहेर जातो.

आणि तेवढ्या बर्फाचं मीठ खाली उतरतं. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी खारट, थंड आणि जड होत जातं, उताराच्या कडेवरून खोल समुद्रात घसरतं, वाटेत इतर पाण्यात मिसळतं आणि अंटार्क्टिक तळजल बनतं. वेडेल समुद्र, रॉस समुद्र, अॅडेली किनारा आणि केप डार्नली या त्याच्या मुख्य जागा. हे पाणी तळालगत उत्तरेकडे सरकत विषुववृत्ताच्याही पलीकडे पोहोचतं. पठारावरून उतरलेल्या वाऱ्याचा परिणाम असा हजारो किलोमीटर दूर, चार-पाच किलोमीटर खोल जाऊन लागतो.

दुसऱ्या प्रकारात खालचं तुलनेनं उबदार पाणी वर येतं आणि बर्फ धरूच देत नाही. याचं सर्वांत मोठं उदाहरण वेडेल समुद्रातलं. १९७४, १९७५ आणि १९७६ या तीन हिवाळ्यांत तिथे सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर पाणी उघडं राहिलं. तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या उपग्रहावरच्या मायक्रोवेव्ह मोजणीत ते दिसलं. समुद्रतळावरच्या मॉड राइझ या उंचवट्यापाशी प्रवाह अडतो, उबदार पाणी वर ढकललं जातं. त्यात वरचा थर पुरेसा खारट झालेला असेल आणि वादळांनी ढवळला गेला, तर थरांची उतरंडच मोडते. नंतर दशकानुदशकं तसं काही घडलं नाही. २०१६ मध्ये आणि जास्त ठळकपणे २०१७ मध्ये तिथेच पॉलिन्या पुन्हा उघडली, पण सत्तरच्या दशकापेक्षा खूपच लहान.

आर्क्टिक समुद्रात खाली उबदार पाणी आहे म्हणतात. मग वरचा बर्फ टिकतो कसा?

उबदार पाणी आहे, हे खरं. अटलांटिकमधून फ्राम सामुद्रधुनी आणि बॅरेंट्स समुद्रातून आत येणारं पाणी साधारण २०० ते ८०० मीटर खोलीवर पसरलेलं असतं आणि त्याचं तापमान शून्याच्या वर असतं. ते सगळं वर आलं तर आर्क्टिकचा बर्फ सहज संपेल. नॉर्वेचे ध्रुवशोधक नान्सेन यांच्या ‘फ्राम’ जहाजावरच्या मोहिमेनं १८९३ ते १८९६ दरम्यान खोलवर तापमापक सोडून हा थर मोजला होता.

ते वर येत नाही याचं कारण मीठ. इतक्या थंड पाण्यात घनता तापमानापेक्षा क्षारतेवर ठरते. आर्क्टिकमध्ये जगातल्या समुद्राच्या पाण्यापैकी फक्त एक टक्का पाणी, पण जगातल्या नद्यांचं सुमारे दहा टक्के पाणी त्यात पडतं. ओब, येनिसेई, लेना, मॅकेन्झी यांनी आणलेलं गोडं पाणी वर राहतं. त्याखाली जो थर असतो तो थंड राहूनही खाली खाली खारट होत जातो. हा थर ओलांडून उष्णता वर यायला ढवळणारं काहीतरी लागतं, आणि बर्फाखालचा समुद्र शांत असतो, कारण वाऱ्याला थेट पाण्यावर जोर लावता येत नाही.

बर्फ कमी झाला की हा शेवटचा मुद्दा ढासळतो. स्कॅन्डिनेव्हियाच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात आणि त्यापुढे युरेशियाकडच्या खोऱ्यात तो थंड थर अलीकडे कमकुवत झाला आहे, अटलांटिकच्या पाण्याची उष्णता हिवाळ्यात वरपर्यंत येते आणि बर्फाची वाढ रोखते. मॅकेन्झीच्या बाजूला, बोफर्ट समुद्रात, मात्र गोड्या पाण्याचा साठा मोठा आहे आणि थर भक्कम. एकाच महासागराच्या दोन टोकांना दोन वेगळ्या कहाण्या चालू आहेत, म्हणून ‘आर्क्टिकमध्ये असं होतं’ अशी सरसकट वाक्यं ऐकली की मी सावध होतो.

बर्फ वाऱ्याच्या दिशेनंच वाहतो ना?

जवळजवळ. बर्फात मुद्दाम अडकवून घेतलेलं ‘फ्राम’ वाहत असताना नान्सेन यांच्या लक्षात आलं, की बर्फ वाऱ्याच्या दिशेच्या २० ते ४० अंश उजवीकडे जातोय. हे पृथ्वीच्या फिरण्यामुळे होतं. त्यामागचं गणित स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ व्हाग्न वॉल्फ्रिड एकमन यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलं आणि आजचं समुद्रशास्त्र त्यावर उभं आहे. दक्षिण गोलार्धात हाच कल डावीकडे.

ढोबळ नियम: मोकळा बर्फ वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे दोन टक्के वेगानं सरकतो. सेकंदाला १० मीटरचा वारा दिवसभर वाहिला तर बर्फ १७ किलोमीटर पुढे. सायबेरियाच्या बाजूनं निघालेला बर्फ ध्रुव ओलांडून फ्राम सामुद्रधुनीतून ग्रीनलँडच्या पूर्वेला बाहेर पडतो, आणि दरवर्षी आर्क्टिकमधला साधारण दहावा हिस्सा बर्फ असा निघून जातो. तो तिथे न वितळता अटलांटिकमध्ये जाऊन वितळतो, म्हणजे गोडं पाणीही तिकडेच पोहोचतं. बर्फ पातळ आणि तुटका झाल्यापासून त्याचा वेग वाढला आहे.

ऊन परावर्तित होण्याचा मुद्दा नेमका किती मोठा?

मोठा आहे. ताजं हिम पडलेला बर्फ ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत पाठवतो, उघडा बर्फ ५० ते ७० टक्के, उघडा समुद्र दहा टक्क्यांहूनही कमी. जूनच्या अयनदिनाच्या सुमारास चोवीस तासांचा हिशेब धरला तर वातावरणाच्या माथ्यावर उत्तर ध्रुवाला विषुववृत्तापेक्षा जास्त ऊन मिळतं, म्हणून हा फरक नेमका तेव्हा महागात पडतो.

मधला टप्पा लोक विसरतात. हिम वितळलं की बर्फावर उथळ निळसर डबकी साचतात आणि त्यांचं परावर्तन २०-४० टक्क्यांवर येतं. मे-जूनमध्ये डबकी लवकर झाली तर बर्फ अजून जागेवर असूनही उन्हाचा हिशेब बिघडलेला असतो.

मग आर्क्टिक सर्वांत जास्त उन्हाळ्यात तापत असेल?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो. उन्हाळ्यात बर्फ वितळत असतो तोवर पृष्ठभागाचं तापमान शून्याच्या आसपास अडकून पडतं. १ किलो बर्फ वितळवायला जी उष्णता लागते तिच्यात १ किलो पाणी जवळपास ८० अंशांनी तापलं असतं. सगळी जादा ऊर्जा त्यात आणि समुद्र तापवण्यात जाते. ती परत दिसते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. समुद्राला गोठण्याआधी ती हवेला द्यावी लागते, बर्फ उशिरा धरतो, पातळ राहतो आणि पातळ बर्फातून हिवाळाभर जास्त उष्णता वर येत राहते. म्हणून आर्क्टिकची तापमानवाढ शरद आणि हिवाळ्यात सर्वांत जास्त, उन्हाळ्यात सर्वांत कमी.

१९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या तीन ते चार पट वेगानं तापलं आहे. यात एकटा बर्फ नाही. ध्रुवीय हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली दबून राहते, त्यामुळे मिळालेली उष्णता उंचावर न पसरता खालीच साठते. शिवाय दक्षिणेकडून ओलसर हवा येते. कार्बन डायऑक्साइड वाढला तर उंच अक्षांश जास्त तापतील, हे स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच हातानं आकडेमोड करून दाखवलं होतं.

ढग असले की थंडी वाढते की कमी होते?

वर्षातला बहुतेक काळ कमी होते. खाली पृष्ठभाग आधीच पांढरा, त्यामुळे ढगांनी ऊन अडवलं तरी फारसं बिघडत नाही, आणि हिवाळ्यात तर ऊन नसतंच. १९९७-९८ मध्ये एक कॅनेडियन बर्फफोडी नौका वर्षभर बोफर्ट समुद्राच्या बर्फात गोठवून ठेवली होती. त्या मोजण्यांत हिवाळ्याच्या दोनच अवस्था स्पष्ट दिसल्या: निरभ्र आकाश असताना पृष्ठभाग चौरस मीटरमागे सुमारे ४० वॅट गमावतो, आणि पाण्याचे थेंब असलेला खालचा ढग आला की हा तोटा जवळपास शून्य. मधल्या अवस्था कमीच. असे ढग उणे २० अंशांतही द्रव थेंब धरून दिवसच्या दिवस टिकतात, आणि संगणकावरच्या हवामान-प्रारूपांना ते नीट दाखवता येणं अजून जड जातं.

अंटार्क्टिकाचा बर्फ वेगळा का वागतो?

नकाशा बघा. आर्क्टिक म्हणजे जमिनीनं वेढलेला समुद्र, अंटार्क्टिका म्हणजे समुद्रानं वेढलेली जमीन. दक्षिणेत बर्फाला उत्तरेकडे पसरायला अडवणारं कुणी नाही, आणि पसरलेला बर्फ उन्हाळ्यात बहुतेक सगळा वितळतो. फेब्रुवारीत साधारण ३० लाख चौरस किलोमीटर, सप्टेंबरात सुमारे १ कोटी ८५ लाख, अशी त्याची सरासरी ये-जा. हिमवर्षाव इतका, की हिमाच्या वजनानं बर्फ पाण्याखाली दबतो, समुद्राचं पाणी वर चढतं आणि हिमच गोठून बर्फात भर पडते. तिथे बर्फ वरूनही वाढतो तो असा.

उपग्रहनोंदींच्या पहिल्या साडेतीन दशकांत हा बर्फ किंचित वाढत होता. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यानं २ कोटींचा आकडा ओलांडला. २०१६ च्या अखेरीस तो घसरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये १७.९ लाखांवर आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरातलं कमाल क्षेत्र १ कोटी ६९.६ लाखांवरच थांबलं. वाऱ्यांच्या पट्ट्याची जागा बदलणं, अमुंडसेन समुद्रावरचा कमी दाबाचा प्रदेश आणि वरच्या थराखाली साठलेली उष्णता, या तिन्हींचा त्यात हात आहे. वाढीच्या काळात ‘बघा, बर्फ वाढतोय’ म्हणणाऱ्यांनी आणि घसरणीनंतर ‘हेच होणार होतं’ म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं.

समुद्री बर्फ वितळला तर समुद्राची पातळी वाढते?

नगण्य. तो आधीच तरंगतो आहे. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ वितळल्यानं आणि पाणी तापून फुगल्यानं.

२०१२ चा विक्रमी नीचांक वादळामुळे झाला का?

त्या ऑगस्टमध्ये आर्क्टिकवर असाधारण जोराचं चक्रीवादळ आलं आणि सप्टेंबरात बर्फ ३३.९ लाख चौरस किलोमीटरवर उतरला. वादळानं बर्फ तोडला, खालची उष्णता ढवळून वर आणली. पण प्रारूपांत वादळ वगळून पाहिलं तरी विक्रम झालाच असता. बर्फ आधीच पातळ होता. पाणबुड्यांच्या नोंदी आणि उपग्रह यांचा मेळ घातला तर मध्य आर्क्टिकमधली हिवाळी जाडी १९८० मधल्या ३.६ मीटरवरून २००८ पर्यंत १.९ मीटरवर आली होती.

‘बर्फमुक्त आर्क्टिक’ म्हणजे एकही तुकडा नाही?

नाही. सप्टेंबरातलं क्षेत्र १० लाख चौरस किलोमीटरखाली गेलं की तसं म्हणतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या सहाव्या अहवालानुसार, उत्सर्जनाची कोणतीही वाट धरली तरी २०५० पूर्वी निदान एकदा असा सप्टेंबर येण्याची शक्यता बरीच आहे. हिवाळ्यात समुद्र पुन्हा गोठेलच.

हे सगळं मोजतात कसं, आणि आकड्यांवर किती विसंबावं?

१९७८ च्या अखेरीपासून उपग्रह मायक्रोवेव्हनं सलग बर्फ टिपतात; ढग आणि ध्रुवीय रात्र आड येत नाहीत. ज्या चौकटीत किमान १५ टक्के बर्फ आहे ती अख्खी ‘बर्फाच्छादित’ धरतात, म्हणून बातम्यांतलं क्षेत्र प्रत्यक्ष बर्फापेक्षा जास्त असतं. उन्हाळ्यात बर्फावरची डबकी उपग्रहाला उघड्या समुद्रासारखी वाटतात, ती चूक वेगळी. वारा, भेगा, ढग यांचं एकत्र चित्र मिळायला तिथे राहावंच लागतं. २०१९ च्या शरदात ‘पोलारस्टर्न’ ही जर्मन नौका बर्फात गोठवून २०२० पर्यंत वाहू दिली होती, ती याचसाठी.

जाडीचं मोजमाप अजून नाजूक. २०१० चा क्रायोसॅट-२ हा उपग्रह रडारनं आणि २०१८ चा आइससॅट-२ लेसरनं बर्फाची पाण्यावरची उंची मोजतात. ही उंची एकूण जाडीच्या साधारण एक दशांशच असते. त्यामुळे वरच्या मोजणीत पाच सेंटिमीटरची चूक झाली की जाडी अर्ध्या मीटरनं चुकते, आणि रडारच्या वाटेत किती हिम पडलेलं आहे हे अंदाजानंच धरावं लागतं.